लॉजमधली सत्यपरीक्षा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. तास संपवून स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. दारात एक जुना विद्यार्थी येऊन उभा राहिला. मागे त्याची आई. मुलगा खानापूर तालुक्यातला. वडील मराठी, आई गोकाककडची. वडिलांशी मराठी, आईशी कन्नड आणि भावंडांत दोन्हीची मिसळ, असे आपल्याकडे शेकडो घरांत असते तसे त्याचे घर. बी. ए. झाल्यावर तो शहरातल्या एका सोसायटीत कारकून म्हणून लागला होता. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"सर, ह्याच्यावर सही करू काय?"

कागद इंग्रजीत होता. सोसायटीच्या सोनेतारण कपाटातून एक पाकीट नाहीसे झाले होते. पोलिसांत गेले तर बातमी फुटेल आणि दुसऱ्या दिवशी ठेवीदार दारात रांग लावतील, ही संचालकांना धास्ती. म्हणून त्यांनी बाहेरगावच्या एका खासगी तज्ज्ञाला बोलावले होते. तो आपले यंत्र घेऊन येणार, बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेणार आणि कपाटाशी संबंध असलेल्या सहाही जणांची 'लाय डिटेक्टर' तपासणी एका दिवसात उरकणार. 'मी स्वखुशीने या तपासणीस तयार आहे' असे कागदावर आधीच छापलेले होते. सहीची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत.

आईने पदराने तोंड पुसत सांगितले, "नम्म हुडुग सुळ्ळ हेळंगिल्री, सर." मुलगा म्हणाला, "मी काय घेतलो नाही सर. खरं भीती वाटतंय."

त्या दिवशी मी त्याला एवढेच सांगितले, की आज सही करू नको. प्रश्न कोणत्या भाषेत विचारणार, ते आधी लेखी मिळणार का, खोलीत कोण कोण असणार आणि निष्कर्षाची प्रत मिळणार का, हे चार प्रश्न अर्ज करून विचार. तो गेला आणि माझे पेपर बाजूला राहिले. मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्राबिंत्रातले मला कळत नाही. पण पुढचे आठ-दहा दिवस जे मिळेल ते वाचले, पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना गाठले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या घराघरांत माहीत असावे असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे हे यंत्र खोटे पकडत नाही. ते शरीर मोजते. छातीला आणि पोटाला एकेक नळी बांधतात, तिने श्वासाची लय कळते. दंडाला डॉक्टरकडे असतो तसा रक्तदाबाचा पट्टा. दोन बोटांना धातूच्या चकत्या, त्या घामाने कातडीच्या विद्युतवहनात पडणारा फरक टिपतात. खुर्चीवर एक गादी, अंगाची हालचाल कळावी म्हणून. पूर्वी या सगळ्याच्या रेघा कागदाच्या गुंडाळीवर उमटत, आता लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतात. प्रश्न ऐकल्यावर रेघ उसळली, तर शरीरात काहीतरी खळबळ झाली, एवढेच त्यातून समजते. ती खळबळ अपराधाची, भीतीची, की अपमानाची, हे रेघ सांगत नाही. ते माणूस ठरवतो.

कल्पना जुनीच आहे. आपल्या धर्मशास्त्रात दिव्याचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत तंदुल दिव्य आहे. चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चघळून थुंकायला लावायचे. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, हा त्यामागचा अनुभव. मराठेशाहीत रवा दिव्य होते. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी सोडून हात पाहायचा. क्रूर प्रकार, त्याची भलामण करायचे काहीच कारण नाही. पण दिव्य कुठेही होत नसे. त्याला जागा ठरलेली असे, ते चारचौघांच्या साक्षीने होई आणि त्याचा लेख होई. भंडारा उचलून शपथ घ्यायची तरी आपण देवळातच जातो, लॉजवर जात नाही.

आजच्या यंत्राचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी झाला. तिथल्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सनने १९२१ साली ते बांधले. सुरुवातीच्याच एका प्रकरणात त्याने तपासले ते विद्यार्थिनींच्या वसतिगृहातल्या चोरीसाठी. म्हणजे आरंभही चोरट्या टोळ्यांपासून नव्हे, एका छताखाली राहणाऱ्या, एकमेकींना ओळखणाऱ्या मुलींपासून झाला. लार्सनचे यंत्र अवजड होते, टेबलभर पसरलेले. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या लेनार्ड कीलरने ते आटोपशीर करून पेटीत बसवले. पेटी आली आणि यंत्र फिरू लागले. पोलीस ठाण्यातून तुरुंगात, तुरुंगातून बँकांत, बँकांतून दुकानांत. कीलर नामांकित झाला. लार्सन मात्र पुढे या यंत्राच्या वापराला इतका विटला, की आपल्या हातून एक राक्षस निर्माण झाला असे तो म्हणू लागला.

आता तर सगळे सामान एका बॅगेत मावते. आमचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, "सर, यंत्र नेता येतंय हो कुठं पण. खोली कुठनं नेणार?"

खोलीचे महत्त्व मलाही आधी कळले नव्हते. प्रयोगशाळेत या तपासणीची खोली मुद्दाम साधी ठेवतात. भिंती कोऱ्या, समोर खिडकी नाही, घड्याळाची टिकटिक नाही, फोन नाही. खुर्चीला हात असतात पण चाके नसतात. खोली फार गार नको, कारण बोटे गार पडली की कातडीची रेघ मंदावते. फार उकाडाही नको, कारण घाम आधीच आलेला असतो. माणूस झोपून उठलेला, जेवलेला असावा. तापाने फणफणलेला नसावा. २०२२ साली दिल्लीतल्या एका गाजलेल्या खून प्रकरणात आरोपीला ताप-सर्दी झाल्यामुळे तपासणी पुढे ढकलावी लागली होती, ते वर्तमानपत्रांत आले होते.

आता बसस्टँडजवळचे लॉज डोळ्यांपुढे आणा. खाली रसवंतीची घुंगरे, समोर गाड्यांचे हॉर्न, लाउडस्पीकरवर हुबळी, निपाणी, सौंदत्तीचा पुकारा. शेजारच्या खोलीत कोणी तरी टीव्ही लावलेला. मधेच वीज गेली तर पंखा थांबतो आणि लॅपटॉपची बॅटरी चालू राहते. म्हणजे यंत्राला काही होत नाही, घाम माणसाला येतो. प्रश्न विचारला जातो त्याच क्षणी खाली बसने करकचून ब्रेक मारला, तर रेघ उसळणारच. जाणकार तपासनीस अशी रेघ बाद धरतो, खूण करून ठेवतो, प्रश्नांची फेरी पुन्हा घेतो. एकच प्रश्नमाला निदान तीन वेळा घ्यायची असते, दोन प्रश्नांत वीस-पंचवीस सेकंद थांबायचे असते. त्याआधी तासभर नुसते बोलणे असते. प्रकृती, औषधे, झोप विचारायची, प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवायचा, त्यातला शब्द नि शब्द समजला का ते पाहायचे. अचानक प्रश्न टाकून दचकवणे हा या पद्धतीचा भागच नाही. सिनेमात दाखवतात ते निराळे.

हे सारे नीट करायचे तर वेळ लागतो. अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला आणि खासगी मालकांना नोकरांची अशी तपासणी करण्यास बहुतांशी बंदी आली. चोरीसारख्या चालू चौकशीत जी सूट ठेवली आहे तिलाही अटी आहेत. किमान ४८ तास आधी लेखी सूचना द्यायची, तपासणी दीड तासापेक्षा कमी नको आणि एका तपासनिसाने दिवसात पाचपेक्षा जास्त माणसे तपासायची नाहीत. आमच्या सोसायटीचा बेत एका दिवसात सहा जणांचा होता. दीड तासाने धरले तरी नऊ तास, चहापाणी सोडून. शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत तो दिवसभर लॉजच्या जिन्यात बसून राहणार, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पाहणार.

यात आणखी एक अडचण लहान गावाची. जपानमध्ये पोलीस प्रामुख्याने निराळ्या पद्धतीने तपासणी करतात. 'तू चोरी केलीस का' असे विचारण्याऐवजी फक्त अपराध्यालाच माहीत असेल असा तपशील इतर चार खोट्या तपशिलांत मिसळून विचारतात. पाकीट लाल होते का, पांढरे होते का, खाकी होते का, असे. शास्त्रीयदृष्ट्या ही पद्धत अधिक भक्कम मानतात. पण ती चालण्यासाठी तपशील गुप्त राहायला हवा. आपल्याकडे पाकीट कोणत्या रंगाचे, कोणत्या कप्प्यात, कोणाच्या लग्नातले दागिने, हे संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चहावाल्यालाही ठाऊक असते. मला स्वतःला त्या मुलाच्या आधी ते आमच्या दूधवाल्याकडून कळले होते!

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते भाषेने. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही' असे द्यायचे असते, म्हणून भाषेचा काय प्रश्न, असे वाटेल. उलट आहे. सगळा भार एका शब्दावर पडतो.

'पाकीट तू घेतलंस काय?' हा प्रश्न घ्या. सोनेतारणाचा कारकून दिवसातून दहा पाकिटे घेतो आणि ठेवतो. प्रामाणिक उत्तर 'होय' आहे. 'चोरलंस काय' म्हटले की शब्दानेच अंगावर काटा येतो, चोर असो वा साव. 'उचललंस काय' म्हटले तर हाताने उचलणे की लंपास करणे? कन्नडमध्ये 'तगोंडी' आणि 'कळवु माडिदी' यांत तेवढेच अंतर आहे. मग नकाराचा घोळ. 'तू कपाट उघडलं नाहीस, होय की नाही?' याला आपल्याकडे कोणी 'होय' म्हणतो, कोणी 'नाही' म्हणतो, अर्थ दोघांचा एकच. कन्नडमध्ये 'इल्ल' वेगळे आणि 'अल्ल' वेगळे, मराठीतला 'नाही' बहुधा दोन्ही ठिकाणी चालून जातो. दोन्ही भाषांत वाढलेला मुलगा या फटीत अर्धा सेकंद अडखळतो. यंत्रापुढे अर्धा सेकंदही दिसतो.

आणि आमचे 'खरं' पाहा. बेळगावकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे सत्यही आणि 'पण'ही. धारवाडकडच्या कन्नडमध्येही 'खरे' तसाच वापरतात. "मी काय घेतलो नाही सर. खरं भीती वाटतंय." पुण्या-मुंबईच्या माणसाला यात 'खरोखर भीती वाटते' असे ऐकू येईल. मुलगा म्हणत होता, घेतले नाही, पण भीती वाटते. प्रमाण मराठी शिकवणाऱ्या मला हा शब्द विद्यार्थ्यांच्या वहीत इतकी वर्षे लाल शाईने खोडायची सवय. त्या दिवशी प्रथमच वाटले, की हा शब्द जाणणारा एखादा माणूस त्या लॉजमध्ये असायला हवा.

हे केवळ मराठीच्या मास्तराचे लाड नव्हेत. २००३ साली बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना चकत्या लावून, पॉलिग्राफमध्ये मोजतात तेच कातडीचे विद्युतवहन त्यांनी मोजले. शिव्या आणि लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्ये तुर्कीतून ऐकली तेव्हा रेघ जास्त उसळली, इंग्रजीतून ऐकली तेव्हा कमी. म्हणजे शरीराला मातृभाषा कळते. मग ज्या मुलाला आई कन्नडमध्ये रागावली आणि वडील मराठीत, त्याला प्रश्न हिंदीत किंवा इंग्रजीत विचारून काय मोजणार? दुभाषा बसवला तर आणखी गोंधळ. प्रश्न अर्धा कळला तेव्हा एक उसळी, भाषांतर ऐकल्यावर दुसरी, आणि तपासनिसाने मोजायची कोणती?

या तपासणीच्या अचूकतेबद्दल दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली मोठा अहवाल काढला, तो मला समतोल वाटतो. विशिष्ट घटनेच्या चौकशीत हे यंत्र नुसत्या अंदाजापेक्षा बरेच चांगले आणि अचूकतेपेक्षा बरेच कमी ठरते, असे त्यात म्हटले आहे. सरसकट चाळणी लावायची म्हटली तर काय होते याचा हिशेबही आहे. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे धरा आणि दहांपैकी आठ सापडतील इतपत यंत्र कडक लावा. तेव्हा सोळाशेहून अधिक माणसे 'नापास' होतात, त्यांत हेर आठ. बाकी सारे निरपराध. आणि दोन हेर पास होऊन घरी जातात.

आपल्या कायद्याची बाजू तर थेट कर्नाटकाशी जोडलेली आहे. खानापूरच्या तेलगीची बेंगळुरात नार्को चाचणी झाली आणि तिची दृश्ये पुढे वाहिन्यांवर दाखवली गेली, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा घरोघरी लोक टीव्हीपुढे बसून निकाल देत होते. नार्को म्हणजे इंजेक्शन देऊन, पॉलिग्राफ त्याहून वेगळा. पण दोन्हींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या नावाने. ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाल यांनी निकाल दिला, की कोणाचीही अशी तपासणी त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही, मग ती गुन्ह्याच्या तपासात असो वा अन्यत्र. स्वेच्छेने दिलेल्या तपासणीतली उत्तरेही पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यातून प्रत्यक्ष वस्तू किंवा माहिती सापडली तर तेवढीच पुढे कामाला येते.

त्याच निकालात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या सूचना पाळायला सांगितले. संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची. वकील मिळायला हवा, शरीरावर, मनावर आणि कायद्याने काय परिणाम होतील ते समजावून सांगायला हवे. आणि प्रत्यक्ष तपासणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या हजेरीत करायची. सूचना लिहिणाऱ्यांनी जागेचा आणि माणसांचा विचार केला होता हे यावरून दिसते.

म्हणजे प्रयोगशाळेबाहेर तपासणी होऊच नये असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनाच्या तपासात दिल्लीहून न्यायवैद्यक तज्ज्ञांचे पथक गेले. काही जणांची तपासणी सीबीआयच्या कार्यालयात झाली आणि मुख्य आरोपीची प्रेसिडेन्सी तुरुंगात. यंत्र तिथेही बॅगेतूनच गेले असेल. पण त्याआधी आरोपीची संमती न्यायालयापुढे आली होती. पुढे त्याच आरोपीने नार्कोला नकार दिला, तेव्हा न्यायालयाने परवानगी दिली नाही. खुनाच्या आरोपीला 'नाही' म्हणता आले. आमच्या कारकुनाला उद्या दहा वाजेपर्यंत 'स्वखुशी' दाखवायची होती, आणि सही न करणाराच चोर, असे ऑफिसात उघड बोलले जात होते. खासगी मालकाने नोकराला यंत्रापुढे कसे बसवावे, याबद्दल अमेरिकेसारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण पाकीट गेले, तर पोलिसांत तक्रार देण्याचा रस्ता सोसायटीला मोकळा होता.

मुलाने अर्ज दिला. उत्तर आले नाही. तो लॉजवर गेला नाही. महिनाभर त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हते, मग त्याने ती नोकरी सोडली. आता निपाणीला एका दुकानात हिशेब लिहितो.

बाकीच्या पाच जणांनी सह्या केल्या. त्यांतल्या शिपायाचे नाव पुढे आले. पन्नाशी उलटलेला, कन्नड बोलणारा माणूस, आमच्याच बाजूच्या गल्लीत राहतो. मला त्याची आठवण त्या दिवशी झालीच नव्हती. विद्यार्थी आपला म्हणून त्याला सांगितले, शिपायाच्या दारापर्यंत चार पावले टाकली नाहीत. हे लिहिताना ते टोचते आहे.

नंतर तो रस्त्यात भेटला. मी विचारले, "मामा, काय झालं तिथं?" खोलीत एसी होता, त्याला थंडी वाजत होती. रक्तदाबाची गोळी तो रोज घेतो, पण त्याला कोणी विचारले नाही. तपासनीस हिंदी आणि इंग्रजी जाणणारा. म्हणून प्रश्न कन्नडमध्ये सांगायला सोसायटीचे मॅनेजर शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "एल्ला साहेबरे केळिदर्री," तो म्हणाला. ज्या साहेबांच्या ताब्यात कपाटाची दुसरी किल्ली, त्यांनीच विचारले आणि उत्तर काय ते त्यांनीच सांगितले. अर्धा-पाऊण तासात त्याला उठवले. आठवड्याने 'मशीनमध्ये गडबड दिसते' असे सांगून राजीनामा लिहून घेतला.

पाकीट मिळालेले नाही. त्यानेच घेतले की नाही हे मी सांगू शकत नाही, ते यंत्रही सांगू शकले नसते. सध्या तो पहाटे दूध टाकतो आणि दिवसा एका मंगल कार्यालयात झाडलोट करतो. त्याच्या मुलीची सोयरीक त्या महिन्यात ठरत आली होती, ती पुढे सरकली नाही. निष्कर्षाची प्रत मागायला तो दोनदा सोसायटीत गेला. दुसऱ्या वेळी मी बरोबर होतो. रिपोर्ट इंग्रजीत आहे, त्याला काय कळणार, असे आम्हाला काउंटरवरून सांगण्यात आले. मी म्हटले, मी वाचून दाखवतो. साहेब मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. त्यानंतर आम्ही आणखी तीनदा जाऊन आलो.